थंडीत बोटं पांढरी पडतात तेव्हा नखाच्या बुडाशी काय बघायचं

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. त्यांच्या २६ वर्षांच्या मुलीची बोटं गेले दोन हिवाळे सकाळी स्कूटरवरून ऑफिसला जाताना पांढरीफटक पडतात, मग जांभळी होतात आणि ऑफिसात पोचल्यावर लाल होऊन ठणकतात. एका डॉक्टरांनी ‘रक्ताभिसरण कमी आहे’ म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी ‘रेनॉ’ हे नाव सांगितलं आणि यावर पक्का इलाज नाही म्हणाले. आईला तीन गोष्टी हव्या आहेत: हे गंभीर आहे का, हे कशामुळे होतं याचा शोध कुणी लावलाय का, आणि लावला असेल तर पक्कं औषध अजून का नाही.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. तुम्ही केलेलं वर्णन रेनॉचंच आहे, आणि या वयाच्या बहुतेक मुलींमध्ये ते निरुपद्रवी असतं. साधारण वीस-तीस माणसांत एकाला ते कमीअधिक असतं, बायकांमध्ये जास्त. पण उरलेल्या थोड्या जणींमध्ये हीच बोटं एका मोठ्या आजाराची पहिली वर्दी देतात, कधीकधी बाकी काही दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. तुमची मुलगी कुठल्या गटात आहे हे ठरवायला दहा-पंधरा मिनिटांची एक तपासणी लागते. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. मी २२ वर्षं संधिवाताचे रुग्ण बघतोय, आणि ही तपासणी राहून गेल्यामुळे वाया गेलेली वर्षं मी पाहिली आहेत.

‘रक्ताभिसरण कमी’ या शब्दांपासून सुरुवात करतो, कारण त्यांनी फार गोंधळ घातलाय. झटका चालू असताना मुलीच्या मनगटाची नाडी बघा. व्यवस्थित लागेल. हृदयाकडून हातापर्यंत रक्त नीट येतंय, ते अडतंय शेवटच्या दोन-तीन इंचांत. प्रत्येक बोटाला दोन्ही कडांनी एकेक अशा दोन मुख्य धमन्या असतात. पुढे पेराच्या गादीत आणि नखाखाली त्यांचं दाट जाळं होतं. या जाळ्यात धमनीतून सरळ शिरेत उतरणाऱ्या आडवाटाही पुष्कळ असतात. बोटाला स्वतःच्या पोषणासाठी एवढ्या रक्ताची गरजच नसते. ही सोय आहे अंगातली उष्णता बाहेर टाकायची किंवा आत राखून ठेवायची, गाडीच्या रेडिएटरसारखी. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲलन बर्टन यांनी १९३९ मध्ये हे मोजून दाखवलं. बोटाच्या १०० घनसेंटीमीटर भागातून मिनिटाला वाहणारं रक्त, माणूस गारठलेला असताना जेमतेम १ मिलिलीटर, तर उबेत असताना ८०-९० मिलिलीटरपर्यंत जाऊ शकतं. शरीरातल्या फार थोड्या ठिकाणी एवढा चढउतार होतो.

म्हणजे थंडीत बोटातलं रक्त आटणं हा बिघाड नाही, ते बोटाचं कामच आहे. निरोगी माणसाचं बोट बर्फाच्या पाण्यात धरलं तर वाहिन्या आधी गच्च मिटतात. मग पाच-दहा मिनिटांत आपोआप उघडून बोट गरम करतात, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये हे टिपलं. रेनॉमध्ये मिटणं अती होतं आणि उघडणं उशिरा. त्यासाठी बर्फही लागत नाही. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली, एसीचा झोत हातावर आला, परीक्षेच्या हॉलमध्ये धाकधूक वाढली, एवढंही पुरतं.

रंगांचंही सांगतो. रक्त थांबलं की पांढरं. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की निळं-जांभळं. वाहिन्या उघडून रक्त धो-धो आलं की लाल, आणि ठणका. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या रंगावर बोटाची वरची बाजू नुसती राखेसारखी फिकट वाटते. त्यामुळे पाहणाऱ्याला ते कळत नाही आणि मुलीला ‘नाटकं करते’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं. तळव्याकडची बाजू आणि नखाखालचा भाग बघा, तिथे पांढरेपणाची रेघ स्पष्ट दिसते.

आता शोधाचं. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, पॅरिसमध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याने दोष मज्जातंतूंकडे दिला: वाहिन्यांना आवळायचा हुकूम देणाऱ्या नसा अती उत्तेजित होतात, असं त्याचं म्हणणं. साठ-पासष्ट वर्षं हेच धरून चाललं, आणि त्यावर विसंबून शस्त्रक्रियाही सुरू झाल्या. हाताकडे जाणाऱ्या त्या नसा छातीत कापायच्या. हात काही महिने गरम राहायचा, आणि मग बोटं पुन्हा पांढरी पडू लागायची.

१९२९ मध्ये लुईस यांनी छापलेला प्रयोग मला आजही विद्यार्थ्यांना सांगावासा वाटतो, कारण तो साधा आहे आणि त्याने प्रश्न मुळातून हलवला. रेनॉच्या रुग्णाच्या कोपरापाशी त्यांनी अल्नर नस बधिर केली. करंगळीकडे जाणारे आवळण्याचे हुकूम तिथेच बंद झाले. नसांचा दोष असेल तर आता करंगळीला झटका यायला नको, आणि आलेला असेल तर सुटायला हवा. तसं झालं नाही. हुकूम बंद असूनही गार केलेलं बोट पांढरं पडायचं. एकच बोट गार केलं तर झटका त्या एकाच बोटाला यायचा. लुईस म्हणाले, दोष बोटातच आहे, धमनीच्या भिंतीत. नसांचा हात अजिबात नाही असं नाही. धाकधुकीने झटका येतो तो त्यांच्यामार्फतच. पण गारव्याला नको इतकी दाद देते ती बोटातली धमनीच.

मग त्या भिंतीत असं काय आहे? याचं उत्तर यायला आणखी सत्तर वर्षं लागली. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींवर नॉरॲड्रेनलिन (नसा सोडतात ते आवळण्याच्या हुकुमाचं रसायन) ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते संदेश घेतात आणि स्नायू आवळतो. त्यातला अल्फा-२सी नावाचा ग्राहक शरीराच्या नेहमीच्या तापमानाला पेशीच्या आत निजलेला असतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या शेपटीतल्या बारीक धमन्या ३७ अंशांवरून २८ अंशांवर आणून पाहिल्या. गारव्यात हा निजलेला ग्राहक कामाला लागला आणि तेवढ्याच नॉरॲड्रेनलिनला धमनी कितीतरी जास्त आवळली. पुढच्या कामात दिसलं की गारव्यात तो पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतो. लुईस यांनी ज्याला स्थानिक दोष म्हटलं होतं त्याला पहिल्यांदा एक चेहरा मिळाला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता हा ग्राहक अडवणारं औषध केलं की झालं.

औषध झालं. मँचेस्टरच्या संशोधकांनी ते स्क्लेरोडर्माच्या (कातडी कडक करणारा आणि फुप्फुसं, हृदय यांनाही धरू शकणारा आजार, बोटं ज्याची पहिली वर्दी देतात म्हटलं तो) थोड्या रुग्णांवर वापरून पाहिलं, निकाल २०१४ मध्ये आला. हात गार करून मग ते किती लवकर ऊब धरतात हे मोजलं, तर औषधाने काही लवकर धरली नाही. त्यानंतर २०२३ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या जनुकीय माहितीसाठ्यातून पाच हजारांवर रेनॉचे रुग्ण आणि चार लाखांवर रेनॉ नसलेली माणसं यांची तुलना झाली. सगळ्यात ठळकपणे पुढे आलं ते ए-डी-आर-ए-२-ए हे जनुक. म्हणजे दुसराच ग्राहक, अल्फा-२ए. सी चा सख्खा भाऊ म्हणा. सोबत आयआरएक्स-१ नावाचं आणखी एक जनुक निघालं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, ताई. इतकी वर्षं आपण बहुधा शेजारच्या दारावर थापा मारत होतो. आणि अल्फा-२ए हा काही फक्त बोटात नसतो. मेंदूत आहे, स्वादुपिंडात आहे. नुसत्या बोटासाठी तो बंद करायचा तर बाकी ठिकाणी काय होईल हे बघावंच लागणार. शिवाय रेनॉवर औषध सिद्ध करणं मुळातच अवघड. रुग्ण झटक्यांची डायरी लिहितात, हवा जरा उबदार झाली की झटके घटतात, आणि औषध नसलेली नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचेही घटतात. डायरीतला फरक औषधाचा किती आणि हवेचा किती, हे वेगळं काढताना मोठमोठे अभ्यास थकले आहेत.

मात्र पक्कं औषध नाही याचा अर्थ करण्यासारखं काही नाही, असा होत नाही. आता त्या राहिलेल्या तपासणीकडे येतो.

नखाच्या बुडाशी, जिथे कातडी नखावर संपते, तिथे केशवाहिन्या आडव्या पडलेल्या असतात. बाकी अंगभर त्या कातडीत उभ्या असतात, म्हणून वरून नुसता ठिपका दिसतो. इथे मात्र पूर्ण वळण दिसतं, हेअरपिनसारखं. तेलाचा किंवा जेलचा एक थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. खास यंत्र असेल तर उत्तम, पण त्वचारोगतज्ज्ञाकडे असतो तो हातातला डर्मोस्कोपही पहिल्या नजरेला पुरतो. रुग्णाला आधी पंधरा-वीस मिनिटं खोलीत स्वस्थ बसवायचं, बाहेरून आल्या आल्या बघायचं नाही. डाव्या हाताची अनामिका मी आधी घेतो, कारण तिची कातडी पातळ असते आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हाताला मार कमी लागलेला असतो. निरोगी नखाशी एका मिलिमीटरमध्ये सात किंवा जास्त वळणं एका ओळीत दिसतात, कंगव्याच्या दातांसारखी.

दोन वर्षांपूर्वी निफाडकडची एक बाई आली. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगच्या खोलीत काम करायची. चाळिशीच्या आतली. चार हंगाम बोटं पांढरी पडत होती. ‘गारठ्यातलं काम आहे, व्हायचंच’ म्हणून तिने अंगावर काढलं. मध्ये कुणी कॅल्शियम दिलं, कुणी टॉनिक. मी विचारलं, बोटांना सूज वाटते का? म्हणाली, सूज नाही हो, पण संक्रांतीला कासाराने बांगड्या भरायला घेतल्या तर नेहमीच्या मापाच्या चढेनात, साबण लावूनही. अंगठी तर आधीच काढून ठेवली होती. मला त्या वाक्याने जे सांगितलं ते रक्ताच्या कागदाने नंतर सांगितलं. नखाच्या बुडाशी बघितलं तर कंगवा विस्कटलेला. तीन-चार वळणं फुगून डोळ्यांत भरण्याइतकी जाड, त्यांच्या मध्ये रिकाम्या जागा, आणि नखाच्या कडेला मोहरीहून बारीक तपकिरी ठिपके. ते ठिपके म्हणजे केशवाहिनी फुटून सांडलेलं रक्त.

स्क्लेरोडर्मा ठरवायला २०१३ पासून गुणांची पद्धत आहे. नऊ गुण भरले की तो आजार धरतात. रेनॉचे ३, नखाशी बिघडलेल्या केशवाहिन्यांचे २, सुजलेल्या बोटांचे २, आणि ठरावीक प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात सापडली तर ३. तिचे दहा झाले. कातडी अजून कुठेही कडक झालेली नव्हती. इतक्या लवकर हाती लागल्यामुळे तिच्या फुप्फुसांवर आणि हृदयावर आम्हाला सुरुवातीपासून नजर ठेवता आली. ती आता गारठ्याच्या खोलीत न जाता त्याच पॅकहाउसमध्ये प्रतवारीच्या टेबलावर काम करते.

हे वाचून तुम्ही घाबराल हे मला माहीत आहे, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. कॅनडात माँट्रियलला रेनॉच्या ५८६ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २००८ मध्ये निकाल छापला. ज्यांची नखाशी तपासणी ठीक होती आणि रक्तात ती प्रतिपिंडंही नव्हती, त्यांच्यातल्या २ टक्क्यांहूनही कमी लोकांना पुढे स्क्लेरोडर्मा झाला. ज्यांची नखाशी तपासणी बिघडलेली होती आणि रक्तात ती प्रतिपिंडंही होती, त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्क्यांना झाला. एवढा स्वच्छ कौल देणाऱ्या तपासण्या आमच्या शास्त्रात फार नाहीत. म्हणून नखाची तपासणी आणि रक्ताची एएनए ही प्रतिपिंडांची चाचणी, या दोन्ही केल्याशिवाय ‘काही नाही, थंडीचं आहे’ असंही म्हणू नये आणि ‘काहीतरी मोठं आहे’ असंही म्हणू नये. तुमच्या मुलीचं दोन्ही ठीक आलं, तर मी तुम्हाला निर्धास्त झोपायला सांगेन.

तोवर घरी काही गोष्टी बघून ठेवा. झटका दोन्ही हातांना सारखा येतो का, अंगठा सुटतो का? साध्या रेनॉत बहुधा असंच असतं. एकाच हाताचं, एखाद्याच बोटाचं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. बोटाच्या टोकाला न भरणारी जखम किंवा खड्डा पडला असेल, सांधे धरत असतील, गिळताना अडत असेल, जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, तर वेळ न घालवता दाखवा. आणि ती कुठल्या गोळ्या घेते ते विचारा. अर्धशिशीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल किंवा अर्गोटामिन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, यांनी बोटं जास्त आवळतात. नुसती गोळी बदलून झटके निम्म्यावर आलेले मी पाहिलेत. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, प्रोप्रॅनोलॉल तर एकदम सोडायचं नसतं.

तुमच्या मुलीला लागू नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. बोटं पांढरी पडणारा माणूस दगड फोडायच्या यंत्रावर, ग्राइंडरवर किंवा ब्रेकरवर काम करत असेल तर कारण तिथे शोधा. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींवर जाऊन हे पाहिलं. हवेच्या दाबाने चालणारा हातोडा उजव्या हातात, छिन्नी डाव्या हातात, आणि बोटं पांढरी पडायची ती मुख्यतः छिन्नी धरलेल्या डाव्या हाताची. थरथर सोसणारा हात तो. शंभर वर्षांपूर्वी कळलेलं हे कारण आजही आमच्याकडे केसपेपरवर क्वचित लिहिलेलं दिसतं, कारण ‘काय काम करता’ हे विचारलंच जात नाही.

दुसरी गोष्ट तंबाखू. विशी-चाळिशीतला विडी ओढणारा माणूस बोटाच्या किंवा अंगठ्याच्या टोकाला काळी जखम घेऊन आला, तर आधी बर्जरचा आजार डोक्यात यावा. लिओ बर्जर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ मध्ये याचं वर्णन केलं. हातापायाच्या मधल्या आणि बारीक वाहिन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा जास्त दिसतो. यात तंबाखू पूर्ण सुटली तर बोट वाचण्याची शक्यता मोठी, आणि दिवसाला एक विडीसुद्धा चालू राहिली तर आमची कुठलीही शस्त्रक्रिया टिकत नाही. मिश्रीही त्यातच आली. हे सांगताना मी अजून एकदाही आवाज सौम्य ठेवू शकलेलो नाही, कारण ३० वर्षांच्या माणसाची बोटं एकेक करून जाताना बघणं सोपं नसतं.

औषधांचं थोडक्यात. लांब असर राहणारं निफेडिपिन किंवा ॲमलोडिपिन, ही रक्तदाबाची जुनी औषधं, आजही पहिली. साध्या रेनॉत ती आठवड्याला साधारण एक-दोन झटके कमी करतात. वारंवार झटके येणारीला हा फरक जाणवेल, महिन्यात दोन येणारीला गोळीची गरजच नाही. डोकं दुखणं, पाऊल सुजणं हे त्रास होतात. लग्न, बाळंतपण जवळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यापुढे सिल्डेनाफिल, आणि जखमा होणाऱ्या रुग्णांना रुग्णालयात शिरेतून इलोप्रोस्ट. बोसेंटनमुळे स्क्लेरोडर्मात नव्या जखमा कमी होतात, आधीची जखम मात्र त्याने लवकर भरत नाही. हा भेद माहीत नसल्यामुळे लोक महागडी गोळी घेऊन जुनी जखम भरायची वाट बघत बसतात. बी-१२ ची कमतरता असेल तर ते जरूर घ्यावं, पण त्याने रेनॉ जात नाही.

गोळीपेक्षा तुमच्या मुलीला जास्त उपयोग होईल तो सकाळच्या कपड्यांचा. नुसते हातमोजे पुरत नाहीत. छाती आणि पोट गार पडलं की शरीर बोटांचं रक्त आत ओढून घेतं, म्हणून आधी विंडचीटर आणि आतून एक थर, मग हातमोजे, आणि तेही घरातच, हात गरम असताना घालायचे. गार झालेल्या हातावर मोजा चढवला तर तो गारवाच कोंडून ठेवतो. पाच बोटांच्या मोज्यापेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेला मोजा ऊब जास्त धरतो, पण स्कूटरच्या ब्रेकवर तो धोक्याचा. तिथे साधा मोजाच वापरा आणि हँडलला वारा अडवणारी कव्हरं लावा. झटका आलाच तर हात काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात. बधिर बोटं गॅसच्या आचेवर किंवा कढत पाण्यात कधीही नकोत, भाजलेलं कळत नाही.

एक गोष्ट करोनापासून घराघरात आहे म्हणून सांगतो. ऑक्सिमीटर बोटातल्या नाडीच्या ठोक्यावर चालतो. बोट पांढरं आणि गार असताना त्याला ठोकाच नीट सापडत नाही, आणि आकडा ८० किंवा ८५ असा काहीही येतो. त्या आकड्यावरून रात्री धावपळ करण्याआधी बोट गरम करून पुन्हा लावा, किंवा कानाच्या पाळीचा ऑक्सिमीटर वापरा. आकडा तरीही कमी राहिला किंवा धाप लागत असेल, तर मात्र थांबू नका.

आता तपासणीला जाताना. झटक्याचे फोटो मोबाइलवर काढून न्या, तळव्याकडून आणि नखांकडून, दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे. दवाखान्यात बोटं बहुतेक गुलाबीच असतात आणि डॉक्टरांना बघायला काही मिळत नाही. नेलपॉलिश आदल्या दिवशी काढा. नखाच्या बुडाची कातडी चावायची किंवा ओढायची सवय असेल, किंवा पार्लरमध्ये ती कापून घेतली असेल, तर तीन-चार आठवडे जाऊ द्या, नाहीतर जखमेच्या खुणाच दिसतात. आणि घरात लग्नकार्य असेल तर मेंदी काढायच्या आधीच तपासणी उरका. बोटांच्या टोकांवर गडद रंगलेल्या मेंदीखाली केशवाहिनी दिसत नाही, आणि तो रंग उतरेपर्यंत तुम्हाला पुन्हा थांबावं लागेल.